पंधराशेमधली दोन शून्यं

१५ सप्टेंबर, सोमवार
१५०० या संख्येत सार्थक अंक, म्हणजे खरोखर मोजून आलेले अंक, किती? मला सांगता येत नाही. एम.एस्सी. झाले, अकरावीला रसायनशास्त्र शिकवते, तरी नाही. आणि विभागप्रमुख देवरे सरांनी युनिट टेस्टला नेमका हाच प्रश्न घातलाय. एक मार्क. पेपर त्यांनी काढला, तपासायचा मी. सोबतच्या उत्तरसूचीत लिहिलंय: २. विषय संपला.
कसा संपला? शेवटची दोन शून्यं मोजून आलीत की नुसती जागा भरायला बसलीत, हे मोजणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून तर दहाच्या घातांकात लिहायचं. १.५ × १०³ असेल तर दोन अंक, १.५०० × १०³ असेल तर चार. आठवडाभर घसा फोडून हेच सांगितलं. वर्गाचं एकच, "मॅडम, फायनल काय लिहायचं तेवढं सांगा."

१६ सप्टेंबर, मंगळवार
प्रॅक्टिकल. वैताग.
आपला डिजिटल काटा एकच दशांश दाखवतो. २.५ ग्रॅम. अख्ख्या बॅचने जर्नलमध्ये लिहिलं २.५००.
"ही शून्यं कुठं दिसली?"
"मॅडम, सिनियर्सच्या जर्नलमध्ये आहेत. सरांची सहीपण आहे खाली."
जुना वजनं घालायचा काटा तीन दशांश द्यायचा. तो कधीचाच बिघडून कपाटात गेला, त्याची शून्यं मात्र दरवर्षी पुढच्या बॅचकडे जातात. आणि ती पाहिल्याशिवाय सही होत नाही.
एकीनेच २.५ लिहिलं. कविता. सुरगाण्याची, इथे वसतिगृहात राहते. म्हणाली, "मला नाय दिसली मॅडम, ती दोन शून्यं." बाकीचे हसले. मी तिच्या जर्नलवर सही केली.
घरी बाबांना हे सांगितलं. झालं, लगेच आईला म्हणाले, "अर्धा कप चहा टाक. अर्धा म्हणजे किती अंकी ते प्रोफेसरबाईंना विचार." घरात पहिली पदवी माझी, त्यामुळे टोमणेही मलाच.

१७ सप्टेंबर, बुधवार
पेपर तपासतेय. बहुतेकांनी २ लिहिलंय, क्लासच्या गाइडमध्ये तसंच आहे. काहींनी ४. कारण एकानेही नाही.
कविताने लिहिलंय: 'सांगता येत नाही. १.५ × १०³ असेल तर दोन, १.५०० × १०³ असेल तर चार. मोजणाऱ्याने सांगितलेले नाही.'
वाचून खुर्चीतून उठलेच. मग बेरीज केली. बाकी पेपर कच्चा. हा मार्क सोडून पंचवीसपैकी आठ.
पासिंग पस्तीस टक्के, म्हणजे ८.७५. ते आम्ही राउंड करून ९ धरतो. तिथे कुणाला काही अडचण येत नाही!
उत्तरसूचीप्रमाणे तपासलं तर ती नापास. मी शिकवलेलं तिने लिहिलं म्हणून नापास. शनिवारी पालकसभा आहे. तिचा काका सुरुवातीपासून म्हणतोय, पहिल्या परीक्षेत गचकली तर सायन्स बंद, सुरगाण्यालाच आर्ट्स घ्यायचं.

१८ सप्टेंबर, गुरुवार
सरांकडे पेपर घेऊन गेले. वाटलं होतं, वाचून खूश होतील.
"एका मार्काने राहतेय ना? मग ग्रेस लाव. मार्कापुढे ग्रेसची चांदणी काढ, विषय संपव."
"सर, ग्रेस कशाला? उत्तर बरोबर आहे."
"प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं. सांगता येत नाही हे काय उत्तर झालं? उद्या सगळेच लिहितील, सांगता येत नाही."
"कारण दिलंय, सर."
"मग चार लिहिणाऱ्यांनाही दे. शिपायालाही दे एक."
सर वाईट नाहीत. कुठलंही पोर डबा विसरलं की स्वतःचा अर्धा देतात. म्हणून तर जास्त चिडचिड होते. दया सढळ हाताने देतील, एक मार्क देणार नाहीत.
निघताना म्हणाले, "तुमच्या तासिकांचं नेमणूकपत्र दिवाळीनंतर पुन्हा निघायचंय. जरा सबुरीने घ्या." धमकी नव्हती बहुतेक. होती का? एरवी मला अगं-तुगं करतात.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
कविता जिन्यात भेटली. तिला कुठून तरी कळलंय.
"मॅडम, चांदणी लावणार का?"
"का गं?"
"काका विचारेल ही काय. मग सांगाया लागेल, फुकट पास केलं." मग, "माझं उत्तर चूक होतं का?"
सर मागून वर येत होते. मी म्हटलं, "नंतर बोलू."
नंतर बोलू! वर्गात मोठ्या तोंडाने सांगायचं, जेवढं दिसलं तेवढंच लिहा. आणि जिन्यात...
आई म्हणाली, "पोरगी पास होतेय ना? मग दया म्हण नाहीतर अजून काही म्हण. चांदणीनं काय अंगाला भोकं पडतात?"
म्हटलं, मला बारावीत ग्रेस देऊन पास केलं असतं तर तू पेढे वाटले असतेस?
"वाटले असते की." मग कढईकडे बघत, "पण कमी वाटले असते."

२० सप्टेंबर, शनिवार
पालकसभा. काका नाही आला, कविताचे वडील आले. सकाळच्या जीपने. निकालपत्रक ऑफिसबाहेर लावलेलं. कविताने बोट ठेवून दाखवलं. त्यांनी विचारलं, "नऊ म्हंजे पास ना?"
"पास," मी म्हटलं.
"नऊच का पण?" त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती खाली बघत होती. मला हसू आलं. कमी पडले म्हणून रागवायचे हे मार्क आहेत, फुकट मिळाले म्हणून लाजायचे नाहीत.
सायन्सचं काय, विचारलं. "घरी बसून ठरवू. तिचा काका बोलंल काय ते." म्हणजे तेही अजून अधांतरीच.
सर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. पत्रकावर विभागप्रमुखाच्या जागी अजून सही नाही.
माझी आहे. काल जिन्यातून थेट स्टाफरूममध्ये गेले होते. त्या प्रश्नासमोर लाल पेनाने १ लिहिला, बेरीज नऊ केली, चांदणी काढली नाही. पत्रक ऑफिसात देऊन, सरांना तोंडावर सांगून मगच घरी आले. आईशी वाद घातला तेव्हा सगळं करून झालेलं होतं.
आणि आज वडिलांदेखत कविताला सांगितलं: उत्तर बरोबर होतं.