नायलॉनच्या बाजेवरचे उत्तमराव

मोताळा, वैशाख १९६७

तीर्थस्वरूप वामनमामांस नीळकंठचा साष्टांग नमस्कार. आपली कंबर आता धरत नसावी आणि मामींचा राग निवळला असावा. आमच्याकडे मी सोडून सगळे खुशाल.

आपण जानेफळचे स्थळ सुचवले होते, त्या चारुलताचे वडील उत्तमराव गुरुवारी आमचे घर पाहून गेले. पाणी पिता पिताच त्यांनी विचारले, नागपुरात करता काय? मी म्हणालो, पॉलिमर, म्हणजे नायलॉन-प्लास्टिकसारखे लांबलचक रेणूंचे पदार्थ, ओढून ओढून तोडतो आणि किती ओढल्यावर तुटले ते लिहून ठेवतो. (आई आतून खोकली.) शिवाय त्यांचे द्रावण सच्छिद्र दाण्यांनी भरलेल्या एका नळीतून सोडतो, मोठे रेणू आधी बाहेर पडतात, लहान मागाहून. त्यावर ते म्हणाले, हे चाळणीचे काम आमच्याकडे मोलकरीण बनाबाई करते, त्याला नागपूर कशाला? चाळणीतून बारीक आधी पडते, इथे उलटे, हे मी त्यांना इतके समजावले की भाकरी निवल्या.

जेवणानंतर बाबांनी त्यांना नवी बाज टाकून दिली. ती मीच आणलेल्या नायलॉनच्या दोरीने विणलेली (सुतळी आता मागासली, हे मत माझेच). नायलॉनवर ओझे तसेच ठेवले तर ते तुटत नाही, गुपचूप लांबत जाते. आणि उत्तमरावांचे ओझे भरपूर. शहाण्या माणसाने अशा वेळी पाहुण्याला उठवले असते. मी फूटपट्टी घेऊन बाजेखाली शिरलो. प्रयोगशाळेत इतका स्थिर भार कुठे मिळतो, मामा? ते घोरत होते, झोळ उतरत होता, मी आकडे लिहीत होतो. शेवटी झोळ माझ्या छातीला टेकला आणि ते जागे झाले.

"तू माह्या बाजेखाली काय करून राह्यला बे?"

मी विचारले, "काका, तुमचं वजन किती?"

चहा न घेताच ते एसटी गाठायला निघून गेले.

मामा, आपल्या घरच्या मुंजीत पाहिल्यापासून चारुलता मला मनापासून आवडते. हे स्थळ गेले तर मला फार वाईट वाटेल. आपण जाऊन उत्तमरावांची समजूत घालावी. मी वेडा नाही, हे आपल्या तोंडून त्यांना पटेल.

आपला भाचा,
नीळकंठ

ता. क. जालच तर त्यांचे वजनही विचारावे. त्यावाचून माझा आलेख लंगडा पडला आहे.

आणखी ता. क. पत्र टाकायचे राहूनच गेले. शेजारच्या तानुबाई आज जानेफळच्या माहेरून परतल्या. चारुलताचा निरोप आहे: "बाबाले अडत्याच्या काट्यावर उभं केलं. ब्याण्णव किलो भरले. आता पुढचं इचारा म्हणा." तेव्हा वजनाचे राहू द्यावे. पुढचे मात्र पत्र मिळताच विचारावे.