शेषरावांच्या नावाची निर्गुडी

६ जानेवारी २०२५, अमरावती
आज कामावर रुजू झाले. कॉलेजची प्रयोगशाळा छान, उजेडाची. काचसामान धुवायचं, पानं वाळवून वाटायची. फलक नावाची मुलगी इथं संशोधन करते. तिनं हौसेनं सगळं दाखवलं. काचेच्या बशीत जंतू वाढवतात, मधल्या भोकात पानांचा अर्क टाकतात. जंतू मेले की भोवती स्वच्छ कडं पडतं. हे गेले ते पायाच्या जखमेनं. आधी अंगठा कापला, तरी विष वर चढलं. तेव्हा तेल्हाऱ्याच्या वाचनालयात जखमांवर मिळेल ते वाचून काढलं होतं. ते कडं बघून आज बरं वाटलं.

८ जानेवारी
प्रयोगशाळेच्या प्रमुख भावना मॅडमनी उद्या मागच्या अंगणातली निर्गुडी तोडायला सांगितलं. आमच्याकडे औषधाला झाड असंच तोडत नाहीत. आदल्या सांजेला हळद-तांदूळ वाहून आवतन द्यायचं, कुणासाठी नेतो त्याचं नाव घ्यायचं. औषध मग त्याचंच, दुसऱ्याला लावायचं नाही. जंतूंचं नाव काय घेणार? सांजेला झाडापुढे तोंडात यांचंच नाव आलं, शेषराव. फलक हसून म्हणाली, ताई, झाडाले शादीचा कार्डबी देऊन टाका.

१७ जानेवारी
निर्गुडीच्या अर्कानं पडलं एवढं मोठं कडं इथं कधी पडलं नव्हतं. मॅडम खूश. मी पुसलेल्या फरशीवर उजव्या पायाचा ओला ठसा होता. अंगठा नव्हता.

२० जानेवारी
पुन्हा अर्क टाकला, पुन्हा ठसा. आज अंगठा आहे.
मॅडमना आवतनाचं आणि ठशाचं सांगून म्हटलं, निर्गुडी थांबवा. म्हणाल्या, खेड्यातली भुतं खेड्यात ठेवून यायची. नोकरी नको असेल तर दार उघडं आहे.

२२ जानेवारी
काचेनं फलकचं बोट कापलं. मी नको नको म्हणेपर्यंत तिनं उरलेला अर्क लावला. जखम लगेच मिटली. दुपारी बोट काळं. तो वास मी ओळखते. वर्षभर मीच पट्टी बदलली होती.

२४ जानेवारी
बोट काढलं. काळं तरी वर चढतंच आहे. तिची आई सांगत होती, कोणी तरी उशाशी बसून म्हणून राहिला म्हणे, औषध माहं हाय, हात दे. हे कधी कुणाचं काही घेत नसत. उशाशी बसतो तो म्हणजे हे नाहीत.
झाडाशी गेले, आवतन मागं घ्यायला. एक पान उरलं नव्हतं.

२७ जानेवारी
माझ्या तळहाताच्या भेगा मिटल्यात. सगळ्या. रोज उघड्या हातानं वाटत होते मी, रोज — आणि बघितलंच नाही —

२८
डाव्या हातानं लिहिते. उजवा मनगटापर्यंत काळा. दुखत नाही.
दारात उभा आहे. भर दुपारी. पाय धड. तोंड नाहीच — तोंडाला औषध कुणी लावलंच नव्हतं —
म्हटलं, माझा हात घ्या. पोरीला सोडा.

घेतला, स्वतःला लावला. जात नाही. चाचपतोय —
माझीच बोटं. माझ्या गालावर. वर, डोळ्यां