बाबांच्या पाण्याचा तक्ता

४ जून

ती. ताईस, शि. सा. न.

बाबांना घरी आणलंस, बरं केलंस. हृदय थकलंय, त्यामुळे अंगात पाणी साचतं. चहा-दुधासकट दिवसाला लिटरभरच द्यायचं. लघवी मापाच्या भांड्यात मोजायची, सकाळी उठल्याउठल्या वजन करायचं, आणि सगळं तक्त्यात लिहून मला पाठवायचं. पाणी उतरवायच्या इंजेक्शनला दर वेळी नवी सुई, आधी हात साबणाने धुवायचे. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नकोस, सरळ जाड डब्यात टाक. आधी उशीवर सराव कर. जन्मभर शिवणकाम करूनही टाचण्या स्वतःलाच टोचून घेतेस, हे मी विसरलेले नाही!

लघवी सलग दोन दिवस अर्ध्या लिटरच्या खाली गेली, तर इथली नर्सची नोकरी सोडून मी तिथे हजर. कायम व्हायला तीनच महिने राहिलेत, पण ते गेलं उडत.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी, बिट्टी

११ जून

चि. बिट्टीस, अ. उ. आ.

तुझं पत्र नेहमीप्रमाणे बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. टाचण्यांवर ते इतके हसले की धाप लागली. पहिल्या इंजेक्शनला त्यांनी हूं की चूं केलं नाही. कंपाउंडरकाका दोन दिवस शेजारी उभे राहिले, मग म्हणाले, आता माझं काय काम.

लघवीचं भांडं बाबा स्वतःच न्हाणीघरातून आणून देतात. मुलीने उचलायचं म्हणजे लाज वाटते म्हणतात. रोज हजारच्या आसपास भरते. पोटात लिटरभरच जातं. वजन पहिल्या दिवशी एकसष्ट होतं, आज चौसष्ट! अंग भरतंय म्हणून मी खूश आहे. वेळेवर जेवत जा.

तुझीच, ताई

१५ जून

ती. ताईस, शि. सा. न.

आठवड्यात तीन किलो अंग भरत नसतं गं, ते पाणी आहे. एक तर काटा खोटा, नाहीतर भांडं. नडगीवर अंगठा दाबून खड्डा राहतो का बघ. रागावू नकोस, पण बाबा लघवीला जातील तेव्हा दाराशी उभी राहा. डॉक्टरांना आजच बोलाव.

घाईत, बिट्टी

१९ जून

चि. बिट्टीस, अ. उ. आ.

खड्डा राहतो, बराच वेळ. आणि बाबा भांड्यात नळाचं पाणी घालत होते. मी ओरडले, मग रडले. ते म्हणाले, पोरगी नोकरी सोडून येईल हे तूच वाचून दाखवलंस ना. तेवढे तीन महिने मी कसेबसे रेटले असते, म्हणाले. खरी लघवी कपभरही नव्हती, आणि मी रोज वळणदार अक्षरात हजार लिहीत होते.

डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आधी कळतं तर काही करता आलं असतं. आता मूत्रपिंडांनीही हात टेकलेत, हलवून हाल करू नका. बाबा सारखं पाणी मागतात आणि मी नाही म्हणते. काय करू, सांग.

ताई

२२ जून

ती. ताईस, शि. सा. न.

हे पत्र आज तिकडे निघालेल्या माणसाबरोबर देते आहे. मला गाडी परवाची मिळाली.

तुझे आकडे आमच्या वॉर्डातल्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी रजा कधीपासून हवी, एवढंच विचारलं. रजा मंजूर झाली नाही. मी राजीनामा दिला. बाबांना मात्र मी कायम झाले म्हणून सांग. मी पोचेपर्यंत ते असतील, असं लिहायची हिंमत होत नाही.

स्वतःला दोष देऊ नकोस. ती धमकी मी लिहिली होती. धाप लागली तर डॉक्टर सांगतील ते इंजेक्शन दे. बाकी मोजमाप बंद कर, ताई. मागतील तेवढं पाणी दे त्यांना.

तुझी, बिट्टी