आभाचं पान

नाशिक, १४ नोव्हेंबर १९९१

ती. सौ. शशिकलावहिनींस,
नीताचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. दिवाळी छान झाली असं लिहायला बसले होते, पण खरं तेच लिहिते. भाऊबीजेच्या पंगतीत आभा तोंड मिटून बसली. सासूबाई म्हणाल्या, मी पोरीला लाडावून ठेवलंय. सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली, आणि तुम्ही तिला उचलून स्वयंपाकघरात नेलंत. तिथे तिनं वाटीभर बिरडं-भात खाल्ला, आणि ती रिकामी वाटी तुम्ही बाहेर आणून सगळ्यांना दाखवलीत. सहा वर्षं मी घास घेऊन तिच्यामागे धावतेय, वहिनी. आता इथे रोज ऐकते, काकूचं जेवण छान असतं.

तुम्हाला मूलबाळ नाही, म्हणून दोन दिवस हौस करता येते. रोजचं करावं लागलं की कळतं.

लोभ आहेच, तो राहावा.
नीता

पनवेल, २६ नोव्हेंबर १९९१

चि. सौ. नीतास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यांना दाखवलं नाही. मूलबाळाचं वाक्य दोनदा वाचलं आणि पत्र पिठाच्या डब्याखाली सरकवलं. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळे.

मी जादू केली नाही गं. दुसऱ्या दिवसासाठी वाल सोलत होते, ते तिच्याही पुढे ठेवले. बोटांतून दाणा सटकला की ती खिदळायची. मग पातेल्यात काय शिजलंय ते बघायला तिनं आपणहून वाटी पुढे केली. मी जेव म्हटलं नाही, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाहेर वीस माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती. माझ्याही घशाखाली घास उतरला नसता.

वाटी मात्र मी तुला दाखवायलाच बाहेर आणली. खोटं कशाला सांगू? ती तुझा पदर धरून घरभर फिरते, ते बघून माझा जीव जळतो. त्या दिवशी तुझ्यावर मात केल्यासारखं वाटलं.

पाडव्याला या. माया पातळ होऊ देऊ नकोस.
वहिनी

नाशिक, २० मार्च १९९२

ती. सौ. वहिनींस,
शि. सा. न.

चारदा लिहायला बसले, चारदा कागद फाडला. मूलबाळाचं लिहिलं त्याची लाज वाटते. माफ करा.

तुमच्यासारखं मी बघणं सोडलं. आठ दिवस नुसता ताक-भात चालला. मग एकदा तिनं माझ्याच ताटातली मेथी उचलली. मी खिडकीबाहेर बघत बसले.

पाडव्याला येतोय. एकच मागणं आहे. त्या दिवशी तिला मी वाढेन. उपाशी उठली तरी तुम्ही तिला आत बोलावू नका. सासूबाईंना मात्र तुम्हीच सांभाळा. एवढा लोभ करा.
नीता

पनवेल, ९ एप्रिल १९९२

चि. सौ. नीतास,
आशीर्वाद.

सासूबाई आभाच्या पानात श्रीखंड वाढायला वाकल्या, तेव्हा मी त्यांचा हात धरला. चौदा वर्षांत पहिल्यांदा. पोरीकडे कोणी बघायचं नाही, असं पंगतीला बजावलं, तेव्हा हेसुद्धा चकित झाले. अजून सासूबाई माझ्याशी तुटक बोलतात.

तिनं दोन पुऱ्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली. मी बिरडं मुद्दाम केलं होतं, ते तिनं मागितलंही नाही. मग ती तुझ्या मांडीवर डोकं टेकून पडली. मी भांडी घासायला मागच्या दारी गेले. बाई यायची होती, तरी गेले. तिथे थोडी रडले. तुझ्यासाठी आनंद झाला हेही खरं. दोन्ही एकदम होतं, हे मला माहीत नव्हतं.

आठवण ठेवावी.
वहिनी

नाशिक, २७ एप्रिल १९९२

ती. सौ. वहिनींस,
शि. सा. न.

मे महिन्यात आभाला पंधरा दिवस तुमच्याकडे ठेवायचं म्हणतेय. हे तिला एसटीनं आणून सोडतील. मी येणार नाही. तिला विचारलं, तर लगेच बॅग भरायला बसली. आई येणार का, असं एकदाही विचारलं नाही. फार लागलं. तिच्या फ्रॉकच्या घड्या घालताना दोनदा बेत मोडला. तरी पाठवते. तिला काय वाढायचं ते तुम्हीच ठरवा.

खुशाली कळवत राहा. पोटभर जेवली, तर ते लिहू नका, मी समजून घेईन. पण एखाद्या दिवशी नाही जेवली, तर त्याच दिवशी कार्ड टाका.

तुमची,
नीता