पायरीवरची खूण

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, बाबांना साष्टांग. माझी तब्येत उत्तम आहे, चिडचिड तेवढी वाढली आहे.

इथली जमीन खचू नये म्हणून आम्ही दोन वर्षं विहिरींतून पाणी परत जमिनीत सोडतो आहोत. गेल्या महिन्यात ‘खचणं थांबलं’ अशा अहवालावर मी सही केली. परवा ऑफिसचं घासणारं दार तासायला सुतार आला, वर्षात तिसऱ्यांदा. म्हणाला, "मॅडम, दार फुगत नाहीये. तुमची इमारतच बसतेय."

जमिनीची उंची ज्या खुणेपासून मोजतो, ती आमची मूळ खूण याच इमारतीच्या पायरीवर आहे. जमीन आणि खूण बरोबरीने खाली जातात, म्हणून फरक शून्य. ते दार मी रोज खांद्याने ढकलत होते आणि डोक्यात प्रकाश पडला नाही.

साहेब म्हणाले, "रजा मंजूर आहे ना? मग घरी जा, कशाला उकरून काढता?" मी चूक लेखी कळवली. आता लांबच्या खडकावर नवी खूण करून सगळी मोजणी पुन्हा, तीन महिने. रजा रद्द.

म्हणजे बाबांना सांभाळायची माझी पाळीही तुमच्याच गळ्यात. प्रामाणिकपणा माझा आणि कष्ट वहिनीचे, हे काही मला पटत नाही. तिची कंबर कशी आहे? बाबा काठी घेऊन चालतात का?

हे पत्र वहिनीला वाचून दाखवू नकोस, तिच्या हातात दे. ती चिडली तर मध्ये पडून माझी बाजू घेऊ नकोस. तिला चिडू दे.

तुमची ऋणी,
धाकटी