बाबांचा नवा टीव्ही लांबणीवर टाकण्याबाबत

तीर्थस्वरूप दादांना,

नमस्कार. तुम्ही माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान आहात, पण बायकोचे थोरले भाऊ म्हणजे नात्याने वडील, म्हणून तीर्थस्वरूप. (लग्नात मी तुम्हाला वाकून नमस्कार केला होता. तेव्हा तुमच्या बुटाची नाडी सुटलेली होती. मी सांगितले नाही, आणि तुम्ही पुढच्याच पावलाला पडलात. अजून मला त्याचे वाईट वाटते, पण फार नाही.) इकडे सगळे बरे आहे. तुमच्या बहिणीची मान दुखायची थांबली, माझी सुरू झाली. बाबांची तब्येत उत्तम. फक्त गेल्या महिन्यापासून दर गुरुवारी संध्याकाळी ते दातांच्या डॉक्टरकडे जाऊन बसतात. कवळी बसवून सहा वर्षे झाली. आता ती हिरडीला घासते म्हणतात. जेवताना घासत नाही. गुरुवारीच घासते. या वयात माणसाला कुठेतरी जावेसे वाटते, म्हणून आम्ही विचारत नाही. तुमचा गुडघा जिना चढताना वाजतो असे तुम्ही लिहिले होते. ते बाबांना वाचून दाखवले. "खणखणीत वाजतो ना? मग आत पोकळ नाही," म्हणाले. तीस वर्षे हातोडीने ठोकून पूल तपासलेल्या माणसाचे मत आहे, तेव्हा डॉक्टरचा खर्च वाचला.

आता मुद्दा. बाबांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला तुम्ही हाय-डेफिनिशनचा मोठा टीव्ही पाठवणार, हे तुमचे पत्र पोचले. तुमच्या बहिणीने ते दोनदा वाचले आणि टेप घेऊन भिंत मोजायला गेली. मी म्हणालो, "एवढी घाई कशाला?" ती म्हणाली, "तुम्ही लग्नालाही हेच म्हणाला होतात." यानंतर घरात या विषयावर जी चर्चा झाली तिला चर्चा म्हणणे कठीण आहे, कारण बोलत फक्त मीच होतो. तरी माझे म्हणणे तुम्हाला शांतपणे कळवतो. तुम्ही दूर आहात. दूरच्या माणसाला पटवणे सोपे.

पहिली गोष्ट, घाई करायचे कारणच नाही. जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण आणखी दोन वर्षे चालू राहणार आहे. आमच्या टीव्ही केंद्राची तशी सूचना रोज साडेसातला पडद्याच्या तळाशी सरकते (आमच्या टीव्हीवर तिचा खालचा अर्धा भाग दिसत नाही, पण वरच्या अर्ध्यावरून अर्थ लागतो). जो आधी घेतो तो महाग घेतो आणि शेजाऱ्यांना शिकवतो. जो थांबतो तो स्वस्तात घेतो आणि शेजाऱ्यांकडून शिकतो. दुसरी गोष्ट, जुना टीव्ही हा नुसता टीव्ही नाही, घरातले एकमेव सपाट फर्निचर आहे. त्याच्या डोक्यावर किल्ल्या, औषधे, दोन चष्मे आणि बाबांच्या पुस्तकाची हस्तलिखित प्रस्तावना असते. प्रस्तावनेवर त्यांची तपासणीची हातोडी, कागद उडू नयेत म्हणून. तुम्हाला ठाऊकच आहे, बाबा बावीस वर्षे पुलांचा इतिहास लिहीत आहेत आणि अजून प्रस्तावनेतच आहेत. पूल अजून आलेला नाही. नदी आली आहे. नवे टीव्ही पोळपाटापेक्षा पातळ असतात. त्यावर प्रस्तावना ठेवायची कुठे? शिवाय आमच्या टीव्हीतली माणसे हिरवट झाली की बाबा त्याच हातोडीने त्याच्या उजव्या खांद्यावर हलकेच मारतात आणि माणसे पुन्हा माणसांच्या रंगाची होतात. निवृत्त माणसाला रोज असे एखादे काम असावे. नवा टीव्ही बिघडणार नाही. मग त्यांनी करायचे काय?

तिसरी गोष्ट चेहऱ्यांची. एचडीमध्ये सगळे दिसते. बातम्या देणाऱ्या बाईंच्या हनुवटीवर एक बारीक व्रण आहे, हे मला बारा वर्षे एका छताखाली काम करून ठाऊक नव्हते. नवे कॅमेरे आले आणि तंत्रज्ञांच्या खोलीत कळले. आमच्याकडच्या रंगभूषेच्या बाईंनी बदलीचा अर्ज दिला आहे. माणसाने माणसाकडे किती जवळून बघावे याला काही मर्यादा हवी. शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरची छिद्रे आपण मोजतो का? मग पडद्यावरच्या पाहुण्यांची का मोजायची?

एवढे सांगूनही तुमच्या बहिणीने शुक्रवारी सकाळी आम्हा दोघांना दुकानात नेले. दुकानदाराने दोन टीव्ही शेजारी शेजारी लावले होते, एक जुना, एक नवा, दोन्हींवर एकच मासा. नव्यातल्या माशाचे खवले वेगवेगळे दिसत होते. "वहिनी, मोजा," दुकानदार म्हणाला, आणि ही खरोखरच मोजायला लागली. बाबांनी खिशातून हातोडी काढून नव्या टीव्हीच्या कडेला टक् केले, कान लावला आणि म्हणाले, "पोकळ आहे." दुकानदाराचा चेहरा माशासारखा झाला. मग त्याने सांगितले की आमच्या भागात आतापर्यंत असा एकच टीव्ही खपला आहे, आणि तोही घरासाठी नाही. मला बरे वाटले. तेवढ्यात ही म्हणाली, "मासे काय बघायचे, आमचं केंद्र लावा." शुक्रवारी अकराला गुरुवारच्या मुलाखतीचे पुनःप्रक्षेपण असते. ते लागले. आणि दादा, मला चक्कर आली. मी त्या टीव्हीसमोरच, दोन्ही हात पसरून, उभ्याउभ्या चक्कर येऊन राहिलो. ही ओरडली, दुकानदाराने खुर्ची आणली, पण ती खुर्ची बाजूला होती आणि मला बाजूला होणे शक्य नव्हते. बाबा शांतपणे म्हणाले, "जावईबापू, सरका जरा. तुमच्या सदऱ्यावर मुलाखत दिसत नाही." मी हललो नाही. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "बरं, राहू दे. काय आहे ते माहीत आहे मला." सासरा असावा तर असा. यावरून एचडीचा प्रकृतीवर काय परिणाम होतो तेही तुमच्या ध्यानात येईल.

आता तुमच्यापासून लपवत नाही, यात थोडा माझाही स्वार्थ आहे. मी त्या केंद्रात नेपथ्य रंगवतो. मुलाखतीच्या पाहुण्यामागे जे भरगच्च पुस्तकांचे कपाट दिसते ते कपाट नाही, साडेआठ फुटी प्लायवुड आहे, आणि त्यावरची चारशे बारा पुस्तके माझ्या कुंचल्याची आहेत. मला काम शिकवणारे म्हातारे रंगारी म्हणत, कॅमेऱ्याला गोष्ट सांगायची, दाखवायची नाही. आम्ही आयुष्यभर सांगत आलो. संगमरवर कागदाचा, खिडकीतले ऊन साठ वॅटचे. जुन्या पडद्यावर ते सगळे खरे होते. बाबा बारा वर्षे दर गुरुवारी तो कार्यक्रम पाहत आले (हा महिनाभर दातांमुळे चुकतो आहे), आणि पाहुणा कोण आहे याकडे त्यांचे लक्ष नसते. घरी कोणी आले की हातोडीच्या दांड्याने पडद्याकडे दाखवतात आणि म्हणतात, "ते मागचं आमच्या जावयाचं." त्यांना जवळून प्लायवुड दिसावे असे मला वाटत नाही. म्हणून दोन वर्षे थांबू. वाढदिवसाला स्वेटर पाठवा. तो जुन्या पद्धतीचाही चालतो.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो टीव्हीच्या रूपाने दाखवायची घाई नसावी.

तुमचा,
(वयाने थोरला, नात्याने धाकटा) मेहुणा

ता. क. पत्र पुन्हा वाचले. तुम्हाला पटणार नाही. मलाही पटले नाही. तेव्हा खरे लिहितो, आणि हे पान वाचून फाडा. प्लायवुडचे बाबांना काही वाटणार नाही. त्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे. गोष्ट पुस्तकांच्या नावांची आहे. पुस्तकाच्या पाठीवर नुसत्या रेघोट्या मारल्या तर लांबूनही रेघोट्याच दिसतात. खरे शब्द लिहिले तरच शब्द असल्याचा भास होतो. हे या धंद्यातले शहाणपण. खऱ्या पुस्तकांची नावे लिहायची नाहीत, असा आमच्या व्यवस्थापकांचा हुकूम होता, म्हणजे नावे मनाने रचायची. तिसऱ्या फळीपर्यंत मी सज्जनपणे रचली. मग डोके रिकामे झाले आणि घर आठवले. जुन्या कॅमेऱ्यात अक्षर वाचताच येत नव्हते, मग भीती कोणाची? व्यवस्थापकांच्या नावे 'उद्या बघू', कातडी बांधणीत. तुमच्या बहिणीचे 'मला काही नको', मागण्यांच्या सूचीसह. आणि पाहुण्याच्या डाव्या खांद्यामागे, सोनेरी अक्षरात, सारख्या उंचीचे नऊ ग्रंथ: 'पुलांचा इतिहास : प्रस्तावना', खंड एक ते नऊ, लेखक सासरेबुवा. रंगवताना मी एकटाच हसत होतो. त्याच संध्याकाळी घरी आलो तर बाबांनी मला बसवून प्रस्तावनेचे नवे पान वाचून दाखवले आणि विचारले, "जमतंय का हो?" मी म्हणालो, "जमतंय." या घरात हा प्रश्न ते फक्त मलाच विचारतात. दादा, बारा वर्षे तो माणूस ज्या कपाटाकडे कौतुकाने बोट दाखवतो, त्याच कपाटात मी त्याची थट्टा मांडून ठेवली आहे, आणि ती तुम्ही बेचाळीस इंचांत घरी पाठवता आहात. दोन महिन्यांनी वातानुकूलनाच्या कामासाठी स्टुडिओ आठ दिवस बंद राहील. तेव्हा मी सगळे नव्याने रंगवतो. तोवर टीव्ही लांबवा. माल संपला म्हणा, वाटेत फुटला म्हणा, काहीही म्हणा.

ता. क. दुसरा. आज गुरुवार. लिफाफा चिकटवायला बसलो होतो, तेवढ्यात बाबा कोट घालून बाहेर निघाले. "पत्र द्या, वाटेत टाकतो," म्हणाले. मी पत्रावर हात ठेवला आणि काहीतरी बोलायचे म्हणून म्हणालो, "कवळी फारच घासते का?"

"कवळीला काय झालंय?"

"मग डॉक्टरकडे?"

"त्याच्याकडे बाहेरच्या खोलीत नवा टीव्ही आहे. चांगला आहे. सगळं वाचता येतं."

मी उभा राहिलो. मग बसलो. या वेळी चक्कर खरी होती. ते दारातच थांबून बूट घालत होते. नाडी बांधता बांधता म्हणाले, "तुमचा सातवा खंड जरा तिरका बसलाय. पुलावर असता तर मी सही केली नसती." मी म्हणालो, "बाबा, ते मी..." ते म्हणाले, "आणि नऊ कसे? प्रस्तावनेची दहावी वही मंगळवारी पूर्ण झाली. दोन इंच जागा काढा." मग दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. ती बांधायला त्यांना फार वेळ लागला. "पहिल्या गुरुवारी मला जरा लागलं," म्हणाले. "दुसऱ्या गुरुवारी डॉक्टरच्या पेशंटांना दाखवलं. एक बाई म्हणाली, नऊ खंड? केवढे विद्वान असतील! मी काही बोललो नाही."

तेव्हा माझी विनंती मी मागे घेतो. टीव्ही हवा, लवकर हवा. डॉक्टर आता त्यांच्या तोंडाकडे संशयाने बघू लागले आहेत.

ता. क. तिसरा, आणि शेवटचा. एक गोष्ट मी वर गाळली. पाचव्या फळीवर, पाहुण्याच्या कोपराशी, एक जाड पुस्तक तुमच्या नावेही आहे: 'येतो म्हणालो होतो'. कपाट रंगवले त्या वर्षी तुम्ही सुट्टीत येणार होतात आणि आला नाहीत, म्हणून. भाग पहिला असे मी गमतीने लिहिले होते. आज बाबांनी जाता जाता त्याचाही विषय काढला. बाकीच्या नावांना ते हसले. या नावाला हसले नाहीत. एवढेच विचारले, "याचे पुढचे भाग रंगवायची जागा आहे का हो कपाटात?"

टीव्ही पाठवू नका, दादा. घेऊन या. तुम्ही दारात उभे राहिलात की ते पुस्तक मी त्याच दिवशी पुसतो. स्टुडिओ बंद असो वा चालू. तिथे दोन इंच जागा होईल, आणि बाबांना दहाव्या खंडासाठी तेवढीच हवी आहे.