कासेलच्या बाईंचं नाव

९ फेब्रुवारी, सोमवार
जर्मनीतल्या कासेल गावाहून पत्र. हायके ब्रांडश्टेटर. ऑक्टोबरात या बाई आमच्या मेपलचा रस आटवायच्या खोपटात आल्या होत्या, मेपलच्या पाकाचे चार डबे घेतले आणि दाराजवळच्या प्रार्थनेच्या वहीत लिहून गेल्या, छातीत गाठ आहे, प्रार्थना करा. ती वही मी रविवारी चर्चमध्ये वाचतो आणि मग नावं नि दुखणी बायकोकडून दुकानाच्या वेबसाइटवर टाकून घेतो. त्यांच्यासाठी तीन रविवार मनापासून प्रार्थना केली. आता म्हणतात, नाव काढा. आईला सांगितलेलं नाही, ती ब्याऐंशीची आहे आणि शेजारीण इंटरनेटवर सगळं हुडकत असते.
इथवर समजलं. पण खाली खासगी माहितीबद्दलच्या युरोपच्या कायद्याचं कलम. शिसारी आली. अमेरिकेत, व्हरमाँटच्या डोंगरात झाडांना भोकं पाडून पोट भरणाऱ्या माणसाने कोणाचं दुखणं कुठे लिहावं, हे ब्रसेल्स ठरवणार.
संकल्प: उत्तर द्यायचं नाही. रागवायचंही नाही.

१० फेब्रुवारी
उत्तराची चार पानं झाली.

११ फेब्रुवारी
कोराला पानं वाचून दाखवली. म्हणाली, त्या बाईने नाव काढायला सांगितलंय, देशाच्या सीमा आखायला नाही. बायकोला तत्त्व समजेलच असं नाही. वेबसाइट तीच सांभाळते, म्हणून बजावलं की त्या पानाला हात लावायचा नाही. बरं म्हणाली. कोरा इतक्या लवकर बरं म्हणत नाही. मुद्दा पटला असावा.
पत्र पाठवलं नाही. टपालखर्च त्यांच्या कायद्यासाठी का करायचा?

१७ फेब्रुवारी
मर्टन फेल्प्स भेटला. निवृत्त वकील, पण डोकं शाबूत. त्याचं म्हणणं, तिकडचा माणूस इथे येऊन काही घेऊन गेला, एवढ्याने तिकडचा कायदा तुला लागत नाही. मात्र तू इथे बसून तिकडच्या गिऱ्हाइकाला हाका मारत असशील, तर तो कायदा म्हणणार की तू माझा. वसुलीला इथवर कोण येईल, ही पुढची गोष्ट. तिकडे विकतोस का, असं विचारलं. छे, म्हटलं, माझा धंदा फक्त इथलाच.
म्हणजे मर्टन पूर्ण माझ्या बाजूने. जाता जाता म्हणाला, तरीही नाव काढून टाक रे. वकिलांना वाक्य लांबवायची सवय असते.

२६ फेब्रुवारी
कडाक्याची थंडी, रस थेंबभरही नाही. मंगळवारी गावसभा. शेवटी ‘इतर विषय’ आला की ठराव मांडणार: फक्त इथेच धंदा करणाऱ्या गावकऱ्याला परदेशी कायदा बंधनकारक नाही. भाषण उकळायच्या कढईसमोर तीनदा म्हणून पाहिलं. आवाज लागला. अशा कामासाठीच देवाने मला घडवलं असावं, असं वाटून गेलं. मग अहंकार नको म्हणून प्रार्थना केली.

३ मार्च, मंगळवार
गावसभा. रस्त्याच्या नव्या यंत्रावर दोन तास. मग मी, अकरा मिनिटं.
रस्तेखात्याची डोरीन लाबाउंटी फोन काढून उभी राहिली आणि माझ्याच वेबसाइटवरचं एक पान वाचू लागली. जर्मनमध्ये ‘सुस्वागतम’, भाव युरोत, कासेलपासून म्युनिकपर्यंत घरपोच. ते मीच नोव्हेंबरात कोराच्या मागे लागून टाकून घेतलं होतं. एक बाई एवढ्या लांबून येते, तर आणखी शंभर असतील असं वाटलं होतं. एकही डबा गेला नाही, म्हणून तो धंदा होता हे लक्षात राहिलं नाही.
“एल्डन,” डोरीन म्हणाली, “तुझं हे ‘इथेच’ नक्की कुठल्या खंडात येतं?”
सगळं सभागृह हसलं. मर्टनने डोळ्यांवर हात ठेवला. ठराव बाजूला ठेवावा अशी सूचना आली. होकार सगळ्यांचा, नकार एक.
मी म्हटलं, हरकत नाही, पण प्रार्थनेचं पान मी काढणार नाही. डोरीनने बराच वेळ शोधलं. असं पानच नाही, म्हणाली.
कोरा मागच्या टेबलावर जेवणासाठी घेवडे वाढत होती. पळी न थांबवता म्हणाली, “पत्र आलं त्याच दिवशी काढलं. तिने मागितलं होतं, एल्डन.”
तीन आठवडे मी एका नसलेल्या पानाचं रक्षण करत होतो. घेवडे जेवलो नाही. सफरचंदाच्या पाईचे मात्र दोन तुकडे घेतले.

८ मार्च, रविवार
रस वाहू लागला. माणसांचा उबग आलाय, झाडांचा नाही.
चर्चमध्ये वही नेहमीप्रमाणे मी वाचली. कोराच्या अक्षरात पहिली ओळ: दूरच्या एका बाईंसाठी, नाव नाही, शस्त्रक्रिया नीट झाली. कोराला कासेलहून पत्र आलं असणार. मला बरं वाटलं, हे खरं.
दुसरी ओळ मोठ्याने वाचून झाल्यावर कळली: एल्डनसाठी, कारण गाळले आहे.
कारण सगळ्यांना माहीत होतं. एकानेही वर पाहिलं नाही, हे जास्त वाईट.
घरी येताना कोराला म्हटलं, पुढच्या रविवारी माझं नाव काढ.
काढते, म्हणाली. कुठल्या कायद्याने, असं विचारलं नाही.